ठसका

“अक्का, ह्याला जरा हात लावून बघा. मगापासनं उठवतीया, उठंना झालाय.”

मालन बाळंतिणीच्या खोलीतून हाक मारत होती. मी परातीत भाकरीचं पीठ मळत होते, तशीच पिठाचे हात घेऊन आत गेले. मार्च महिन्यातली दुपार, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि खोलीची एकुलती एक खिडकी आमच्या सासूबाईंनी गोणपाट ठोकून बंद केलेली. आत शेगडीचा धूर, वेखंडाचा वास आणि अंगाला चिकटणारा उकाडा. बाजेवर मालन बसली होती आणि तिच्या मांडीवर एकोणीस दिवसांचं पोर झोपलं होतं.

“झोपलाय की,” मी म्हणाले.

“सकाळपासनं झोपलाय. अंगावर घेतलं तर नुसतं तोंडात धरतोय, वढत न्हाई.”

मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. टिचकी मारली की तान्हं मूल पाय आखडून घेतं, तोंड वेडंवाकडं करतं. याचा पाय माझ्या हातातून सुटला आणि ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

बाहेरून आत्याबाई म्हणाल्या, “उठवू नगा त्येला. झोपाळू पोर गुणाचं असतं. गप हाय तेच बरं हाय.” सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणायचो.

गप आहे तेच बरं आहे, असं त्या घरात गेले चार दिवस आम्ही सगळेच म्हणत होतो. त्याला कारण होतं.

आमचं घर तासगावच्या बाजूला, गावापासून लांब, द्राक्षाच्या मळ्यात. घरासमोरच्या पाणंदीनं बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या बायकांची सकाळ-संध्याकाळ रीघ असायची. मालन माझ्या धाकट्या दिराची, विलासची बायको. तिचं पहिलं पोर दोन वर्षांपूर्वी एकविसाव्या दिवशी गेलं होतं. त्याचं बारसं थाटात झालं होतं, सगळा गाव जेवून आणि पाळण्यात डोकावून गेला होता, आणि पुढच्या नवव्या दिवशी पाळणा रिकामा झाला. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं, पण आत्याबाईंनी मनाशी एकच धरलं, की गावाची नजर लागली.

म्हणून या खेपेला त्यांनी कडेकोट बंदोबस्त केला. मालनला माहेर उरलं नव्हतं. बाळंतपण मिरजेला झालं, तिथून पहाटे जीपमधून तिला घरी आणलं, आणि गावाला सांगितलं की ती मावशीकडे आहे, अजून दिवस भरायचेत. पोराचं नाव ठेवलं नाही. नुसतं धोंडू म्हणायचं, कारण धोंड्याला कुणी नजर लावत नाही. सव्वा महिना होईपर्यंत मायलेकरांनी उंबरा ओलांडायचा नाही. रडण्याचा आवाज पाणंदीवर जायला नको म्हणून खिडकीला गोणपाट.

पण पोर ते पोर. पहिले पंधरा दिवस त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बायकांच्या येण्याजाण्याच्या वेळेला आत्याबाई मुद्दाम रेडिओ मोठा करायच्या, भांडी आपटायच्या. मग एका दिवशी ते आपोआप शांत झालं. आत्याबाईंनी म्हसोबाला नारळ फोडला.

मला मूलबाळ नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले आठ दिवस घरी. लहान मुलांतलं मला काय कळतंय, असं घरात सगळ्यांचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. तरी त्या दुपारी मी पिठाकडे परत गेले नाही. पोराच्या छातीकडे बघत उभी राहिले. श्वास आला, गेला. मग काहीच नाही. मी मनात मोजायला लागले. पाच, सहा, सात. आणि दचकल्यासारखा पुढचा श्वास आला.

“आत्याबाई, जरा आत या,” मी म्हणाले.

त्या आल्या, वाकल्या. पोराच्या ओठांभोवती निळसर छटा होती. त्यांचं तोंड पडलं, पण त्या म्हणाल्या, “दिष्ट लागलीया. कुणीतरी आवाज ऐकला असणार. मिरच्या आण.”

मी मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या आणल्या. आत्याबाईंनी पुटपुटत त्या पोरावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. आमच्याकडचा हिशेब असा, की मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नाही, आणि नुसत्याच जळून गेल्या तर नजर जबर. बंद खोलीत धूर कोंडला. आधी मला ठसका लागला, मग मालनला, मग आत्याबाई पदर तोंडाला लावून खोकायला लागल्या. तिघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“लागला ठसका,” आत्याबाई कशाबशा म्हणाल्या. “म्हंजे नजर न्हाई.”

आणि मग तिघींनी एकदमच मालनच्या मांडीवर बघितलं. मोठ्या बायकांचा जीव कासावीस करणाऱ्या त्या धुरात ते पोर खोकलं नव्हतं, शिंकलं नव्हतं. त्याची पापणीसुद्धा हलली नव्हती.

मी धोंडूला उचलून अंगणात आले आणि ओरडले, “विलास भावजी! गाडी काढा!”

“अगं, सव्वा म्हैना व्हायचाय,” आत्याबाई मागून म्हणाल्या.

“पोर ऱ्हायलं तर सव्वा म्हैना व्हईल न्हवं!”

नऊ वर्षांत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. मग त्या स्वतःच मालनच्या डोक्याला फडकं बांधायला लागल्या.

निघताना मी आत गेले आणि कोनाड्यातली खोकल्याच्या औषधाची बाटली उचलून कमरेला खोचली. तिच्याभोवती डॉक्टरांचा कागद रबर लावून गुंडाळलेला होता. ती का उचलली, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता येणार नाही म्हणाले असते. पण सांगता आलं असतं.

त्या बाटलीचं असं झालं होतं. बंद खोलीत शेगडीचा धूर खाऊन मालनला कोरडा खोकला लागला होता. खोकताना टाके दुखायचे आणि ती पोट धरून रडायची. तिला बाहेर न्यायचं नाही, म्हणून पाच दिवसांपूर्वी आत्याबाईंनी मला गावात पाठवलं. मगदूम डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एकच खोली. रोगी खुर्चीवर बसतो आणि तो काय सांगतो ते बाकावरच्या दहा जणी ऐकतात.

“बाळंतिणीला खोकला हाय म्हणालीस की सांज व्हायच्या आत बायका दारात हुबा ऱ्हातील,” आत्याबाईंनी बजावलं होतं. “तुलाच झालाय म्हण. पोराचं नाव काढलंस तर माझी आण हाय.”

मला ते अवघडही नव्हतं. आदल्या हंगामात मी शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी द्यायच्या कामावर होते आणि महिनाभर खोकत होते. मगदूम डॉक्टरांनी मला बघताच हसून विचारलं, “काय सगुणाबाई, परत गंधक खाल्लं वाटतं?” मी मान हलवली. त्यांनी छाती तपासली, नेहमीचे दोन-चार प्रश्न विचारले, आणि माझ्या नावाच्या कागदावर औषध लिहून दिलं. “दोन चमचे, दिवसातनं तीनदा. गुंगी येईल, शेडवर मशीनजवळ उभ्या राहू नका,” म्हणाले.

मी बाटली आणून मालनला दिली. तिचा खोकला कमी झाला. तिला चांगली झोप यायला लागली आणि बाळंतिणीला झोप हवीच म्हणून आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवसापासून पोरही झोपायला लागलं.

विलासची पिकअप होती. पुढे तो आणि आत्याबाई, मागे बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटांच्या मधे मालन आणि मी. पोर माझ्याजवळ होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत पाऊण तास लागायचा. मी सारख्या टिचक्या मारत होते. टिचकी मारली की एक श्वास. हात थांबला की श्वास थांबायचा. बोटं सुजली तरी मी थांबले नाही. मालन एकदाच बोलली, “अक्का, त्यो पयला बी असाच गार पडला हुता.”

“ह्यो गार न्हाई. हात लावून बघ, गरम हाय,” मी म्हणाले. उन्हात तापलेल्या गाडीत काय गार राहणार होतं! पण तिला तेवढं पुरलं.

दवाखान्यात बागवान मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. किरकोळ बाई, पण आवाज खणखणीत. त्यांनी पोर माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं, टेबलावर ठेवलं, नर्सला तोंडावर धरायची हवेची पिशवी आणायला सांगितली आणि बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे उघडून बघितले.

“बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. ह्याला अफू चाटवली का कुणी? झोपायसाठी?”

“न्हाई हो मॅडम! देवाशपथ न्हाई!” आत्याबाई किंचाळल्या.

“बाळगुटीत काही? कुणी काही पाजलं?”

“आईच्या दुधाबिगार कायबी न्हाई.”

मॅडम वळल्या. “मग आई काय घेते? औषध, गोळी, काहीही.”

मालन म्हणाली, “खोकल्याचं घेती. कुठलं ते मला ठावं न्हाई. अक्कांनी आणलंय.”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. बाटली माझ्या कमरेला होती. ती काढून दाखवायला किती वेळ लागतो? पण माझा हात उठेना. त्या क्षणी मला कशाची भीती वाटली ते स्पष्टच सांगते. पोराची नाही, स्वतःची. बाटलीवरच्या कागदावर माझं नाव होतं. वांझ जावेनं स्वतःच्या नावावर औषध आणलं, धाकटीला पाजलं आणि तिचं पोर मेलं. गाव यापुढे काही विचारणार नव्हतं. आमचे हेसुद्धा तोंडानं बोलले नसते, पण माझ्या हातचं पाणी पिताना एकदा पेल्यात बघितलं असतं.

“बाई, ज्याला जे माहीत असेल ते आत्ता सांगा,” मॅडम माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. त्या पिशवी दाबत होत्या. “तासाभरानं सांगून मला काही उपयोग नाही.”

मी बाटली काढून टेबलावर ठेवली. “हे हाय. नाव माझं हाय, पण प्याली मालन. पाच दिवस, तीन येळा.”

मॅडमनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. मग आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर फरशीवर बसून आम्ही दाराकडे बघत होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आतून भांड्यांचा आवाज आला, नर्सच्या चपलांचा आला. आत्याबाईंचे ओठ हलत होते, पण देवाचं नाव ऐकू येत नव्हतं. मग आतून मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. मालन उठली, पडली आणि परत उठली. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा तो रडण्याचा होता.

मॅडम बाहेर आल्या. “श्वास घेतोय. पण औषध अंगातनं जायला वेळ लागतो, परत गुंगी येऊ शकते, म्हणून तीन-चार दिवस माझ्या नजरेसमोर ठेवणार.” मग त्यांनी मालनचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि तिचेही डोळे बघितले, नाडी बघितली. “हिला बाळंत झाल्यापासनं कुणी तपासलं का? नाही? ही पण अर्धी गुंगीत आहे. त्या खोकल्याच्या औषधात अफूचाच अंश आहे, आणि आई जे घेते त्यातलं थोडं दुधात उतरतं. काही बायकांच्या अंगात ह्या औषधाचं फार कडक रूप तयार होतं, आणि तेवढंसं पोर ते सोसू शकत नाही.”

“म्हंजे माझं दूधच...” मालन म्हणाली.

“दुधाला काही झालेलं नाही. तीन-चार दिवस पिळून टाकायचं, म्हणजे गाठी होणार नाहीत आणि दूध आटणार नाही. मग पाजायचं. पाजणाऱ्या आईला चालणारं खोकल्याचं औषधही असतं, ते मी देते. फक्त विचारावं लागतं हो! त्या डॉक्टरनं विचारलं नाही, अंगावर पाजता का म्हणून?”

विलास इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो एकदम उसळला. “त्या मगदूमला दावतोच आता! दवाखाना फोडतो त्येचा. पोरं मारायला बसलाय व्हय?” आणि तो गाडीची चावी शोधत जिन्याकडे निघाला.

“भावजी, थांबा,” मी म्हणाले. “त्यांनी विचारलं हुतं.”

तो थांबला. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर परत कधी बोलले नसते. नेहमीचे दोन-चार प्रश्न म्हणून मी वर जे सांगितलं, त्यातला एक हा होता. मगदूम डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता सवयीनं म्हणाले होते, “अंगावर पाजताय का?” मग त्यांना आठवलं की समोर कोण बसलंय. त्यांनी पेन थांबवलं, ओशाळले आणि हळूच म्हणाले, “नाही, तुमचं तसं काही नाही. राहू द्या.” बाकावरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. हसल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या गप्प झाल्या.

“त्यो प्रश्न मालनसाठी हुता,” मी म्हणाले. “मला कळाया पायजे हुतं. मला नुसतं त्यांचं गप बसणं ऐकू आलं. कागद घिऊन पळत घरी आले मी.”

मालन बाकावरून बघत होती. आता काय कानावर येईल म्हणून मी जमिनीकडे बघितलं.

आत्याबाईंनी विचारलं, “बायकांच्या म्होरं इचारलं त्यानं?”

“व्हय.”

“आन तू घरात येऊन कुणालाच बोलली न्हाईस.”

“काय बोलायचं हुतं त्यात?”

त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या. माझा पदर गाडीतल्या वाऱ्यानं घसरून खांद्यावर आला होता. त्यांनी तो उचलून माझ्या डोक्यावर सारखा केला. “आण मी घातली हुती, विलास,” त्या म्हणाल्या. “दवाखाना फोडायचा तर माझं डोस्कं आधी फोड.” विलासनं चावी खिशात टाकली.

एकविसावा दिवस दवाखान्यातच गेला. त्या दिवशी आत्याबाई उठून पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. पोराच्या नाकाखाली बोट धरून बसून होत्या. नर्सनं दोनदा हात बाजूला केला, दोनदा परत गेला. बाविसावा उजाडला तेव्हा त्यांनी बोट काढलं, आणि ते आखडलेलं बोट सरळ करायला मला चोळावं लागलं.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. दवाखान्यात पोराला वाटी-चमच्यानं वरचं दूध चालू होतं. आता अंगावर पाजा, असं मॅडमनी तीन-तीनदा सांगितलं होतं. पण मालन बाजेवर बसली आणि तिनं पदर छातीशी घट्ट धरला.

“माझ्यानं न्हाई व्हायचं. परत झोपला तर?”

पोर भुकेनं रडायला लागलं. आधी कुरकुर, मग टाहो. ती बायका शेडवरून परतायची वेळ होती. पाणंदीवर त्यांच्या गप्पा ऐकू यायला लागल्या. आत्याबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, रेडिओकडे जाणार. त्या खिडकीकडे गेल्या, दोन्ही हातांनी गोणपाट ओढलं आणि खिळ्यांसकट फाडून काढलं. खोलीत उजेड आला आणि वारा आला.

“रड,” त्या पोराला म्हणाल्या. “चांगलं बेंबीच्या देठापासनं रड. ऐकू दे गावाला.”

पाणंदीवरच्या गप्पा थांबल्या. कुणीतरी आत्याबाईंना हाक मारली, “आवं सोनाबाई, कुणाचं पोरगं रडतंय?”

आत्याबाईंनी गजांना धरून तोंड खिडकीशी नेलं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “आमचं हाय. तेवीस दिसांचं. उद्या या, बघून जावा.”

मग त्या वळून मालनला म्हणाल्या, “घे त्येला.”

मालननं माझ्याकडे बघितलं. “अक्का, तुमी हितंच बसा. माझ्याकडं न्हाई, त्येच्याकडं बघत बसा.”

“बसले,” मी म्हणाले, आणि बाजेवर तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

तिनं पोराला जवळ घेतलं. पोरानं दोनदा तोंड फिरवलं, आणखी एकदा टाहो फोडला, आणि रडणं थांबलं. एकदम थांबलं. पाणंदीवर बायका अजून काहीतरी विचारत होत्या, पण आत्याबाई खिडकी सोडून बाजेजवळ आल्या होत्या. मालननं डोळे मिटून घेतले होते.

“अक्का,” ती म्हणाली, “बघा की.”

मी पदर बाजूला करून वाकले. घोटाघोटाला त्याचा गळा हलत होता.